शिडीमावशीच्या सत्काराचा दिवस

मोठ्या माणसांचं एक बरं असतं. ज्या तारखेला जन्मले त्या तारखेला एक आंघोळ, ज्या तारखेला गेले त्या तारखेला दुसरी, अशा वर्षाच्या दोन आंघोळी नगर कचेरीने त्यांना कायमच्या लावून दिलेल्या असतात. मधले दिवस कबुतरं बघून घेतात.

या आंघोळी घालायचं काम शिडीमावशीचं. तिला नाव नव्हतं असं नाही, हजेरीच्या वहीत होतं की. पण ते वाचायला कोणाला सवड नव्हती. दारावरच्या पहारेकऱ्यापासून थेट अध्यक्षांपर्यंत सगळे तिला शिडीमावशीच म्हणत, कारण शिडी तिच्या ताब्यात होती. एवढ्या मोठ्या कचेरीत शिडी एकच. लाकडाची, घडीची, बारा पायऱ्यांची. पाचवी पायरी तारेने आवळलेली आणि डावा पाय अंगठाभर आखूड. त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवावी लागे, आणि कुठल्या पुतळ्याला किती सरकवायची हे गुपित मावशीच्या पोटात. नव्या शिडीसाठी सात वर्षांपूर्वी अर्ज वर गेला होता. गेला तो गेलाच. खाली उतरायला त्यालाही शिडी लागत असावी.

आता कोणी म्हणेल, पुतळा धुवायला शिडी लागते हे समजलं, पण समारंभाला कशाला? तर त्याचं असं झालं. पूर्वी फुलांचं चक्र पुतळ्याच्या पायाशी ठेवायचे. पण ठेवणारा माणूस वाकतो. वाकला की फोटोत त्याचं तोंड येत नाही, भलतंच काहीतरी येतं. तसे दोनतीन फोटो वर्तमानपत्रात छापून आल्यावर अध्यक्षांनी नियमच केला की यापुढे चक्र पुतळ्याच्या हातात अडकवायचं. अध्यक्ष शिडी चढणार, चक्र अडकवणार, जन्मदिवस असेल तर कॅमेऱ्याकडे बघून हसणार, स्मृतिदिन असेल तर हसू गिळणार आणि उतरणार. खाली एक पाय शिडीच्या तळाला लावून, दोन्ही हातांनी दांडे घट्ट धरून मावशी उभी. फोटोत तिची फक्त बोटं यायची. एकोणीस वर्षांच्या वर्तमानपत्रांत तिची बोटं जितक्यांदा छापून आली, तितक्यांदा कित्येक पुढाऱ्यांची तोंडं नाही आली.

एकदाच शिडी दुसऱ्याच्या हातात गेली होती. मावशी बादली रिकामी करायला वळली आणि माळीबुवा म्हणाले, "द्या, मी धरतो, त्यात काय मोठं." त्यात काय मोठं ते उपाध्यक्षांना पुढच्याच क्षणी कळलं. ज्या थोर पुरुषाने गावात नळ आणले त्याच्याच कारंज्याच्या हौदात ते कोटाबुटासकट बसलेले सापडले. त्या दिवसापासून वरची सगळी मंडळी एका शब्दावर आली. मावशी असेल तर चढू, नाहीतर दुरूनच नमस्कार.

म्हणून मावशीला रजा नव्हती. कोणी नाही म्हटलं नव्हतं, पण तिने मागितली नव्हती आणि कोणी आपणहून दिली नव्हती. नवरा गेला तेव्हा लेक तीन वर्षांची. त्याच्या जागी मावशी कामाला लागली. लेकीला ताप आला तर तिला काखोटीला मारून आणायची आणि बागेतल्या कवीच्या चौथऱ्याला टेकवून बसवायची. लेक अक्षरं शिकली ती शाळेच्या आधी त्या चौथऱ्यावरच, दगडात कोरलेली, बोट फिरवून फिरवून. सगळ्या पोरी आधी "आई" वाचतात, हिने आधी "जन्म" आणि "मृत्यू" वाचलं. मावशी स्वतः दुसरी यत्ता पास. सही यायची, पण तिला वेळ लागायचा. एकेक अक्षर ती भिंतीला खिळा ठोकावा तसं ठोकत जायची.

कचेरीत दुसऱ्या मजल्यावर दिनवाले साहेब बसत. त्यांचं खातंच तसलं. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर वर्षाचा हा एवढा मोठा तक्ता, प्रत्येक तारखेला एक चौकोन. जन्मदिवस लाल शाईत, स्मृतिदिन काळ्या, जगाने ठरवलेले दिवस हिरव्या, आणि नटनट्यांचे वाढदिवस गुलाबी. गुलाबी शाई अध्यक्षांच्या आवडीखातर आली होती. साहेब माणूस वाईट नव्हते हो. कोणाला कधी चढा शब्द नाही, कोणाचं वाकडं केलं नाही. फक्त रिकामा चौकोन दिसला की त्यांना जेवण जायचं नाही. कुठल्यातरी तारखेला कोणी जन्मलं नाही, कोणी मेलं नाही आणि जगालाही काही आठवलं नाही, हे त्यांना सहनच व्हायचं नाही. शोधून शोधून कोणीतरी आणायचेच. शांततेच्या दिवसाला भोंगे लावायचे, झाडांच्या दिवसाला फांद्या तोडून कमान उभारायची आणि कागद वाचवायच्या दिवसाला प्रत्येक खात्याला तीन प्रतींत परिपत्रक धाडायचे.

एके संध्याकाळी मावशीची लेक घरी आली ती चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागली. लेक आता एका दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला होती.

"आई, तारीख मिळाली."

"कसली गं?"

"लग्नाची! नोंदणीची. बघ, चिठ्ठी दिलीय. साडेबारा वाजता."

तिने पसंत केलेला मुलगा जहाजावर आचारी होता. वर्षातले आठ महिने पाण्यावर. लग्नानंतर नऊच दिवसांनी त्याचं जहाज सुटणार होतं. ही तारीख हुकली तर पुन्हा अर्ज करा, पुन्हा तीन महिने थांबा, आणि तोवर नवरदेव कुठल्या समुद्रात बटाटे सोलत असेल ते कोणी सांगावं.

मावशीने चिठ्ठी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. मग म्हणाली, "अगं, या तारखेला पाणीवाले जन्मले."

"कोण?"

"चौकातले. नळ आणले ते. आणि त्याच तारखेला तुझा कवी गेला. त्यात तुझं लग्न. बाई बाई, एका दिवसाने किती जणांचं ओझं वाहायचं!"

"आई, चेष्टा नको. साक्षीदार म्हणून फॉर्मात तुझं नाव घातलंय. माझ्या बाजूने तू, त्याच्या बाजूने त्याचा मामा. त्या नोंदणीवाल्या बाईंनी साफ सांगितलंय, ज्याचं नाव लिहिलं तोच माणूस समोर पाहिजे. ऐन वेळी बदल नाही. आणि एक वाजला की रजिस्टर बंद."

"मग दुसऱ्या कोणाचं घालायचंस. कोपऱ्यावरच्या काकूंचं घालायचंस."

"दुसऱ्या कोणाचं का म्हणून?" लेकीचा आवाज चिरकला. "लहानपणापासून तू दुसऱ्यांच्याच वाढदिवसांना जातेस. माझ्या एका दिवसाला ये."

मावशीने उठून भांड्यात पाणी तापत ठेवलं, मग ते कशासाठी ठेवलं तेच विसरली आणि पुन्हा विझवलं.

दुसऱ्या दिवशी ती आयुष्यातला पहिला रजेचा अर्ज घेऊन दिनवाल्या साहेबांपुढे उभी राहिली. अर्ज लेकीने लिहिलेला, खाली सही मावशीची, खिळे ठोकल्यासारखी.

साहेबांनी तो वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"मावशी, या दिवशी? अहो, या दिवशी तुम्ही रजा कशी घ्याल?"

"आठ वाजेपर्यंत पाणीवाल्यांना धुऊन देते, नऊचा कार्यक्रम करते, दहाला कवी उरकते. पुढचा अर्धा दिवस द्या."

"पण बाराला तुमचाच सत्कार आहे!"

"माझा?"

"कष्टकऱ्यांविषयी कृतज्ञतेचा दिवस आहे ना." साहेबांनी मागच्या तक्त्यावर पट्टी आपटली. त्या चौकोनात चारही रंग होते. लाल, काळा, हिरवा, आणि गुलाबीत एका नटाचा वाढदिवस. "आदर्श कर्मचारी म्हणून तुमचं नाव मी स्वतः सुचवलंय. ठरावही पास झाला. एकोणीस वर्षांत एकही रजा घेतली नाही म्हणून."

"मग ही पहिली घेते."

"अहो, तेच तर! एकही रजा घेतली नाही म्हणून सत्कार, आणि सत्काराच्याच दिवशी रजा? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, बाईच्या पोरीचं लग्न होतं."

"लग्नाची तारीख पुढे नाही का ढकलता येत?"

"तारीख कचेरीने दिलीय, साहेब. तुमच्याच. तळमजल्यावरची नोंदणी."

साहेब खरंच विचारात पडले. हा माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं. दुष्टाशी भांडता येतं.

"मग सत्कार दुसऱ्या दिवशी करा की."

"दुसऱ्या दिवशी काटकसरीचा दिवस आहे. मंडप सांगून झालाय."

"तिसऱ्या?"

"मावशी," साहेब समजुतीने म्हणाले, "असं करा. बाराला सत्कार. पहिलंच नाव तुमचं. सव्वाबाराला तुम्ही मोकळ्या. दोन जिने उतरलं की लग्न. काय बिघडलं? एका इमारतीत दोन्ही. उलट तुमचं नशीब थोर."

अर्ज त्यांनी परत दिला. त्यावर शेरा मारला नाही, कारण शेरा मारला असता तर मावशीच्या खात्यावर नामंजूर का होईना पण एक रजा चढली असती आणि सत्काराला डाग लागला असता. बघा, किती काळजी.

तो दिवस उजाडला. मावशी सहा वाजता चौकात हजर. पाणीवाल्यांचं एक बोट वर केलेलं, गावाकडे काहीतरी दाखवणारं. काय दाखवतात ते कोणाला कळलं नव्हतं, पण कबुतरांना बसायला ते फार सोयीचं पडे. मावशीने बोट घासलं, कानामागे घासलं, कोटाच्या घड्या ब्रशाने मोकळ्या केल्या. आज तिने चांगली साडी नेसली होती आणि वरून कामाचा झगा चढवला होता. लेकीने केसांत फूल खोवायला दिलं होतं, ते तिने रुमालात गुंडाळून झग्याच्या खिशात ठेवलं.

नऊला अध्यक्ष आले. चढले, अडकवलं, हसले, उतरले. पाण्याचं महत्त्व सांगितलं. तेव्हा चौकातला नळ कोरडा होता म्हणून मावशीने दोन बादल्या घरून आणल्या होत्या, पण ते भाषणात आलं नाही. दहाला बागेत कवी. अध्यक्ष चढले, अडकवलं, हसू गिळलं, उतरले. कवितेचं महत्त्व सांगितलं. एकही ओळ सांगितली नाही, त्यामुळे लवकर आटोपलं. अकराला नाट्यगृहासमोर त्या नटाच्या वाढदिवसाचा फलक. नट तिथून शेकडो कोसांवर. त्याला हे गाव जगात आहे हेही ठाऊक नसेल, पण दहा फुटी तोंड सरळ लागलं पाहिजे म्हणून अध्यक्ष स्वतः खाली उभे राहून, "डावीकडे, मावशी, डावीकडे! आता हनुवटी वर!" करत होते. अर्धा तास हनुवटीत गेला.

साडेअकराला मावशी शिडी खांद्यावर घेऊन कचेरीचे दोन जिने चढली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात तिने स्वतःच्या सत्काराचा कापडी फलक स्वतः टांगला. "शिस्तीला वंदन, कष्टाला कृतज्ञता." साहेब खालून म्हणाले, "उजवीकडची गाठ बघा हं." मावशीने बघितली. शिडी दाराबाहेर भिंतीला टेकवली, झगा काढला, फूल खोवलं आणि व्यासपीठावरच्या शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसली. तिच्या डावीकडे सात मंडळी होती, सगळी तिच्याविषयी कृतज्ञ.

बाराचे सव्वाबारा झाले. आधी स्वागत. मग स्वागत करणाऱ्याचं स्वागत. मग उपाध्यक्षांनी प्रास्ताविक केलं, त्यात हौदाचा प्रसंग सोडून सगळं होतं. बारा वीसला साहेब माइकवर आले आणि म्हणाले, "सत्काराआधी अध्यक्ष दोन शब्द बोलतील."

अध्यक्षांचे दोन शब्द मावशीने एकोणीस वर्षं उभ्याने ऐकले होते.

"अशी माणसं आता मिळत नाहीत," अध्यक्ष सुरू झाले. "अशी माणसं घड्याळाकडे बघत नाहीत!"

मावशी घड्याळाकडे बघत होती. बारा पंचवीस. खाली लेक वाकून वाकून जिन्याकडे बघत असेल. बारा तीस. नवरदेवाचा मामा रुमालाने कपाळ पुसत असेल. तिने साहेबांना खूण केली. साहेबांनी हात हलवला, थांबा, झालंच. तिने पुन्हा खूण केली. साहेब हसले आणि टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, मावशीला गहिवरून आलंय.

"अशी माणसं रजा मागत नाहीत!" अध्यक्ष म्हणाले. बारा पस्तीस.

आणि त्याच वेळी फलकाची उजवी बाजू सुटली.

मावशीने गाठ सैल मारली होती का? ते कोणी पाहिलं नाही. एकोणीस वर्षांत तिची एकही गाठ सुटली नव्हती, एवढंच सांगता येईल.

कापड खाली आलं ते नेमकं अध्यक्षांच्या डोक्यावर. त्यांनी ते बाजूला सारलं, ते पुन्हा आलं. शेवटी एका हाताने टोक वर धरून त्यांनी भाषण चालू ठेवलं, कारण भाषण थांबवणं त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. साहेब कावरेबावरे झाले, खाली वाकत मावशीच्या खुर्चीपाशी आले आणि कानात म्हणाले, "मावशी, जरा शिडी घेऊन या ना. पटकन."

सत्कार तिचा, फूल तिच्या केसांत, पण गाठ मारायला दुसरं कोण?

"आणते की," मावशी म्हणाली.

ती उठली, सरळ चालत दाराबाहेर गेली. शिडी उचलली, खांद्यावर घेतली आणि जिना उतरायला लागली.

बघा, हातात पिशवी घेऊन कोणी कार्यक्रमातून निघालं तर दहा जण विचारतात, कुठे चाललात. शिडी घेतलेल्या माणसाला कोणी विचारत नाही. उलट अंग चोरून वाट देतात. पहिल्या वळणावर पहारेकरी भिंतीला चिकटला, "सावकाश मावशी, सावकाश." दुसऱ्या वळणावर उपाध्यक्ष भेटले, प्रास्ताविक झाल्यावर पान खायला सटकलेले. शिडी दिसताच ते दोन पायऱ्या मागे सरले आणि दोन्ही हातांनी कठडा धरून उभे राहिले. शिडीला ते जितके मानत तितके अध्यक्षांनाही मानत नसत. प्रत्येक वळणावर आधी शिडीचं शेपूट उचलायचं, मग पुढचं टोक वळवायचं. घाई केली की भिंतीत अडकते. मावशीने घाई केली नाही. हात आपल्या सवयीने चालले होते.

तळमजल्यावर नोंदणीच्या खोलीत घड्याळात बारा पन्नास. लेक खुर्चीत ताठ बसलेली, डोळे लाल. नवरदेव तिच्या मागे उभा, टेबलावरचे कागद एकावर एक सरळ लावत होता. नोंदणीवाल्या बाई टोपण लावून पेन खाली ठेवण्याच्या बेतात.

आधी दारातून शिडी आत आली. मग आणखी शिडी. मग मावशी.

"साक्षीदार हजर!" ती म्हणाली.

"आई!" लेक म्हणाली.

नोंदणीवाल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "ही शिडी बाहेर ठेवा."

"नाही ठेवता येत, बाई. सरकारी आहे, माझ्या नावावर आहे. गेली तर भरून द्यावी लागेल."

"कपाटाला टेकवू नका मग."

"धरून उभी राहते."

"सही कशी करणार?"

तेव्हा नवरदेव पुढे झाला. "द्या आई, मी धरतो." जहाजावरचा माणूस, त्याने शिडी अशी धरली की केसभरही हलली नाही. मावशीने क्षणभर त्याच्या पायाकडे पाहिलं. एक पाय तळाला, गुडघा किंचित वाकलेला, भार टाचेवर. बरोबर. मनातल्या मनात तिने जावई तिथेच पास केला. लग्नाआधी सगळ्या आया चौकशा करतात, घर कसं, स्वभाव कसा. हिला एवढं पुरलं.

मग ती सहीला बसली. एक अक्षर, दुसरं अक्षर. बाई घड्याळाकडे बघत होत्या, मामा घड्याळाकडे बघत होता. मावशी कागदाकडे बघत होती.

"आटपा हो," बाई म्हणाल्या.

"सावकाश केलेली पक्की बसते," मावशी म्हणाली आणि शेवटची रेघ ओढली. बारा सत्तावन्न.

मामाने फोटो काढला. लेक, जावई, मध्ये शिडी, शिडीशेजारी मावशी, मागे भिंतीवर घड्याळ. जन्मात पहिल्यांदा फोटोत तिची बोटं सोडून बाकीची मावशीही आली.

वर काय झालं ते तिला नंतर कळलं. अध्यक्ष चाळीस मिनिटं एका हाताने फलक धरून बोलले. मग नाव पुकारलं, मावशी नाही. पुन्हा पुकारलं, नाही. शेवटी तिच्या वतीने दिनवाल्या साहेबांनी प्रमाणपत्र स्वीकारलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो, आणि खाली मजकूर, एकोणीस वर्षांत एकही रजा न घेतल्याबद्दल सत्कार स्वीकारताना साहेब. मागच्याच महिन्यात ते बारा दिवस सासुरवाडीला जाऊन आले होते.

चौथ्या दिवशी मावशीला कचेरीतून जाडजूड पाकीट आलं. लेकीने फोडलं. आत चौकटीत बसवलेलं ते प्रमाणपत्र, "आपण कधीही गैरहजर राहिला नाहीत याबद्दल." आणि सोबत एक कागद, "अमुक तारखेस दुपारी बारा वाजून पस्तीस मिनिटांपासून आपण विनापरवाना गैरहजर होतात, खुलासा करावा. तसेच सोबतचे प्रमाणपत्र त्यामुळे रद्द समजून त्वरित परत करावे." दोन्हींवर तारीख तीच, सही तीच.

लेक वाचता वाचता हसली, मग तो कागद पुन्हा वरपासून वाचू लागली. "आई, नोकरीला काही होणार नाही ना? माझ्यापायी?"

"चौकट चांगली आहे," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती चौकट काखेत मारून साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"आणलंत?" साहेबांनी चौकट हातात घेतली. पण काचेमागे प्रमाणपत्र नव्हतं. लग्नाचा फोटो होता. "हे काय? प्रमाणपत्र कुठेय?"

"मागे आहे. फोटोला पाठ पाहिजे होती, घट्ट बसलंय. काढा तुम्ही. लेकीचं लग्न आधी काढावं लागेल तेवढं."

साहेबांनी चौकट उलटी केली, सुलटी केली. मागचे खिळे नखाने चाचपून पाहिले. मग त्यांचं लक्ष फोटोवर गेलं आणि तिथेच राहिलं.

"ही शिडी यात कशाला?"

"तुम्हीच सांगितलंत, शिडी आणा. शिडी जिथे तिथे मी. सोडून कुठे जाऊ?"

"आणि हे घड्याळ?"

"तळमजल्यावरचं. कचेरीचंच. एकला तीन कमी आहेत बघा. इमारत तुमची, घड्याळ तुमचं, शिडी तुमची. साहेब, मी गैरहजर होते ती कुठे? वर की खाली?"

साहेबांनी हजेरीची वही ओढली, पान उलटलं आणि लाल शाईतलं "गैरहजर" पट्टी ठेवून नीट खोडलं. त्यावर "हजर" लिहिलं. शेऱ्याचा रकाना रिकामा होता आणि रिकामा रकाना त्यांना बघवत नसे, म्हणून थोडा विचार करून तिथे लिहिलं, "शिडीसह."

"म्हणजे माझी अजून एकही रजा नाही," मावशी म्हणाली.

"नाही."

"मग सोमवारी द्या एक. जावयाचं जहाज सुटतंय. लेकीबरोबर बंदरावर जायचंय मला."

साहेबांची नजर सवयीने मागच्या तक्त्याकडे गेली. त्यांचा चेहरा पडला.

"सोमवारी? मावशी, सोमवारी कुटुंबाचा दिवस आहे. मोठा कार्यक्रम ठेवलाय मैदानात. फलकच पाच आहेत."

"मग तुम्ही तो साजरा करा, साहेब," मावशी म्हणाली आणि झग्याच्या खिशातून घडी घातलेला अर्ज काढून त्यांच्यापुढे ठेवला. "मी घरच्यांबरोबर जाऊन येते."

साहेबांनी अर्जाकडे पाहिलं, तक्त्याकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. पाच फलक कोण टांगणार हे त्यांच्या कपाळावर स्पष्ट लिहिलेलं दिसत होतं. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं.